मालदीव, १९५३: प्रजासत्ताक वर्षभरही का टिकले नाही, आणि सुलतान परत का आला?

गलबत (प्रश्न)

गेल्या नोव्हेंबरात कामानिमित्त मालदीवच्या राजधानीत, मालेत, चार दिवस राहण्याचा योग आला. त्यातच ११ तारखेची सुट्टी आली. ज्यांच्याकडे माझे काम होते ते गृहस्थ चहा घेताना सहज म्हणाले की, आज आम्ही साजरा करतो तो दुसऱ्या प्रजासत्ताकाचा दिवस. पहिले कधी आले आणि कधी गेले हे आमच्या मुलांना धड सांगताही येणार नाही. परत आल्यावर थोडे वाचन केले, पण त्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला.

मला समजलेली हकीकत अशी. तिथल्या राजाने ११५३ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि तेव्हापासून सुलतानांची परंपरा सुरू झाली. त्यानंतर बरोबर आठशे वर्षांनी, १ जानेवारी १९५३ रोजी, सुलतानपद संपवून प्रजासत्ताक घोषित झाले आणि मोहम्मद अमीन दीदी पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला त्यांना पायउतार करण्यात आले. ७ मार्च १९५४ रोजी मोहम्मद फरीद दीदी सुलतान म्हणून गादीवर बसले, आणि ११ नोव्हेंबर १९६८ रोजी तीच गादी पुन्हा रद्द झाली, ती कायमची.

आता माझी अडचण. राष्ट्राध्यक्ष नकोसा झाला, तर लोक दुसरा राष्ट्राध्यक्ष निवडतात. त्यासाठी राज्यपद्धतीच बदलून जुनी गादी माळ्यावरून खाली काढण्याचे कारण काय? आपल्याकडे कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्या गादीविषयी लोकांच्या मनात केवढा आदर होता आणि आजही आहे हे सांगायला नको, तरीही पुढे सरकारे कितीही नावडती झाली म्हणून कोणी राजवट परत आणण्याची भाषा केली नाही. मालदीवच्या लोकांना सुलतान खरोखरच इतका प्रिय होता का? आणि तसे असेल, तर चौदा वर्षांत ते प्रेम आटले कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जीर्णपत्र

प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी दूर करायला हवे. १९५३ मध्ये जनतेने सुलतानाला हटवले आणि १९५४ मध्ये तिला त्याचा उमाळा आला, असे आपण धरून चालला आहात. प्रत्यक्षात १९५३ मध्ये हटवण्यासाठी गादीवर कोणी नव्हतेच.

थोडे मागे जावे लागेल. मालदीवची गादी आपल्याकडच्या संस्थानांसारखी बापाकडून मुलाकडे बिनबोभाट जाणारी नव्हती. राजकुळांशी नाते सांगणारी मालेतील मोजकी घराणी, त्यांचे आपसांतील सोयरेसंबंध आणि हेवेदावे, यांतून कोण बसणार आणि कोण उठणार हे ठरत असे. (नावापुढचे 'दीदी' हे याच वरच्या वर्गाचे बिरुद होय. आपल्या मोठ्या बहिणीशी त्याचा संबंध नाही. माझा स्वतःचा या नावाने बराच काळ घोटाळा झाला होता.) सुलतानाला उतरवून दूरच्या बेटावर पाठवून देणे ही तिथली जुनी रीत होती. जिथे हजाराहून अधिक बेटे आहेत आणि राजधानी दोन चौरस किलोमीटरचीही नाही, तिथे तुरुंगापेक्षा बेट स्वस्त पडते.

२२ डिसेंबर १९३२ रोजी तिसरे मोहम्मद शम्सुद्दीन यांच्या काळात पहिली लिखित राज्यघटना आली आणि सुलतानाच्या अधिकारांना कागदोपत्री मर्यादा पडल्या. १९३४ मध्ये याच सुलतानाला पदच्युत करण्यात आले. त्यांच्यामागून आलेल्या दुसऱ्या हसन नूरुद्दीन यांनी १९४३ मध्ये गादी सोडली. मग अब्दुल मजीद दीदी यांची निवड झाली, परंतु ते परदेशातच राहिले आणि त्यांचा राज्याभिषेक कधी झालाच नाही. सुलतान दूर, गादी रिकामी आणि कारभार सुलतानाऐवजी काम पाहणाऱ्या मंडळाच्या नावाने चाललेला, अशी ती स्थिती होती. त्या मंडळात ज्यांच्या शब्दाला खरे वजन होते ते गृहस्थ म्हणजे अमीन दीदी. फेब्रुवारी १९५२ मध्ये अब्दुल मजीद यांचे निधन झाले तेव्हा पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. अमीन दीदी स्वतः राजकुळातले होते आणि गादी त्यांच्या आवाक्यात होती, पण त्यांनी सुलतान होण्यापेक्षा राष्ट्राध्यक्ष होणे पसंत केले. त्यासाठी सार्वमत घेण्यात आले आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रजासत्ताक जाहीर झाले. राजाविरुद्ध चळवळ नाही, मोर्चा नाही, राजवाड्याला वेढा नाही. ज्या माणसाच्या हाती दहा वर्षे कारभार होता, त्याच्या पदाला नवे नाव मिळाले, इतकेच. शम्सुद्दीन यांनी आपल्या मुलासाठी बांधलेला मुलिआगे हा वाडा राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान झाला, यातच त्या बदलाची जात दिसते.

म्हणून पहिल्या प्रजासत्ताकाचे भवितव्य एका माणसाच्या लोकप्रियतेला बांधलेले होते, आणि ती लोकप्रियता १९५३ पर्यंत पार घसरली होती. अमीन दीदी कर्तबगार होते याविषयी दुमत नाही. मुलींच्या शिक्षणाला चालना, देशाची दिवेही भाषा आणि तिचे साहित्य यांना प्रोत्साहन, देशातला पहिला राजकीय पक्ष, मालेतल्या अरुंद गल्ल्या मोडून रुंद केलेले रस्ते, ११ नोव्हेंबर १९५२ रोजी उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय, ही सगळी त्यांची कामे. मालेचा आयात-निर्यात व्यापार दीर्घकाळ भारतातून गेलेल्या बोहरी पेढ्यांच्या हातात होता. तो मोडून सुकवलेल्या मासळीची निर्यात सरकारने आपल्याकडे घेतली, यामागेही त्यांचाच पुढाकार होता. ही मासळी म्हणजे शिजवून, धुरी देऊन आणि उन्हात वाळवून लाकडासारखा कडक केलेला कुपा मासा. तो सिलोनला जायचा आणि त्याच्या मोबदल्यात तांदूळ यायचा. देशाचे पोट या एका देवघेवीवर चालत असे.

घोडे नेमके इथे पेंड खाते. दुसऱ्या महायुद्धात जहाजे येईनाशी झाली तेव्हा मालदीवमध्ये भीषण टंचाई झाली आणि लोकांनी झाडपाल्यावर दिवस काढले. ती आठवण ताजी असताना युद्धानंतरही धान्याची ओढाताण संपली नाही. मासळी विकत घेणारे सरकार, तांदूळ देणारेही सरकारच. मग ताटात कमी पडले की बोट कोणाकडे दाखवायचे, हे लोकांना शिकवावे लागत नाही. व्यापारी असता तर शिव्या त्याला बसल्या असत्या. त्यात तंबाखूवर बंदी आली. दिवसभर उन्हात होडी हाकून आलेल्या कोळ्याच्या तोंडची गुडगुडी काढून घेणे हे शिक्षणाचा प्रसार करण्याइतके सोपे नसते. रस्त्यांसाठी ज्यांची कुंपणे आणि घरे गेली ते नाराज होते, आणि ज्यांना कारभारात विचारले जात नव्हते ती बडी घराणी संधीची वाट पाहत होती.

अमीन दीदी उपचारासाठी सिलोनला गेले आणि संधी आली. २१ ऑगस्ट रोजी मालेत उठाव झाला व उपराष्ट्राध्यक्ष इब्राहिम मोहम्मद दीदी यांच्या हाती कारभार आला. अमीन दीदी परतले तेव्हा त्यांना मालेत उतरू न देता जवळच्या दूनिदू बेटावर ठेवण्यात आले. वर्षाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा सत्ता हाती घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला, जमावाने त्यांना बेदम मारले, आणि १९ जानेवारी १९५४ रोजी विहामनाफुशी बेटावर त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेचाळीस.

एक बारकावा लक्षात घ्यावा. ऑगस्टमध्ये माणूस गेला. प्रजासत्ताक कागदावर आणखी सहा-सात महिने, म्हणजे मार्च १९५४ पर्यंत, चालू राहिले. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष बदलून भागले असते का, हा आपला प्रश्न मालेतल्या मंडळींसमोरही नक्कीच होता.

ठाणेकर लंडनवासी

जीर्णपत्र यांचे लेखन वाचताना मला सतत दुसऱ्या एका बेटाची आठवण येत होती. इंग्लंडमध्येही हेच घडले आहे. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, राजेपद आणि उमरावांचे सभागृह रद्द झाले आणि देशाला प्रजासत्ताक म्हणवून घेण्यात आले. पण चार वर्षांत सगळी सत्ता ऑलिव्हर क्रॉमवेलच्या हाती एकवटली. १६५७ मध्ये संसदेने त्याला चक्क राजमुकुट देऊ केला तेव्हा त्याने तो नाकारला. मुकुट नसला तरी अधिकार राजाहून कमी नव्हतेच. नाटकगृहे बंद होती, नाताळच्या सणावरही बंदी होती. ३ सप्टेंबर १६५८ रोजी तो वारला आणि त्याच्या मुलाला वर्षभरही कारभार पेलला नाही. शेवटी सेनापती मंक स्कॉटलंडहून फौज घेऊन लंडनला आला, परागंदा राजपुत्राने नेदरलँड्समधल्या ब्रेडाहून क्षमेचे आश्वासन देणारे पत्रक काढले, आणि २९ मे १६६० रोजी दुसरा चार्ल्स वाजतगाजत राजधानीत शिरला.

राजमुकुट नाकारणारा पण त्याहून बळकट खुर्चीवर बसणारा सुधारक, लोकांच्या व्यसनांवर आणि करमणुकीवर उगारलेली छडी, त्याच्या जाण्याबरोबर कोसळलेली व्यवस्था आणि मग जुन्या घराण्याकडे वळलेली नजर, हे सारे दोन्हीकडे सारखेच नाही का? माझ्या मते माणसांना अस्थिरतेचा कंटाळा आला की ती ओळखीच्या गोष्टीकडे परततात, आणि राजा ही ओळखीची गोष्ट असते.

थोडे विषयांतर करून सांगतो की, राजेपदाची ही पुनःस्थापना आपल्या दाराशीही येऊन पोहोचलेली आहे. परत आलेल्या याच चार्ल्सला पोर्तुगालच्या कॅथरिनशी विवाह करताना मुंबई बेट आंदण मिळाले, आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. लंडनमध्ये प्रजासत्ताक टिकले असते तर मुंबईचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हा विचार लोकल गाडीत उभे राहून करण्यासारखा आहे.

वाचनवेडी

मुंबईचा धागा मोहक आहे, पण इंग्लंडची तुलना अर्ध्या वाटेपर्यंतच नेता येते, आणि ती जिथे तुटते तिथेच मूळ प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये गादीचा हक्कदार जिवंत होता, परदेशात वाट पाहत होता आणि त्याच्या बाजूने लढून मेलेली माणसे होती. तो परतल्यावर कायद्याने अशी भूमिका घेतली की मधली अकरा वर्षे जणू नव्हतीच. चार्ल्सच्या कारकिर्दीची वर्षे बापाच्या मृत्यूच्या दिवसापासून मोजली गेली आणि १६६० हे त्याचे बारावे वर्ष ठरले. मालदीवमध्ये असा कोणी वाट पाहणारा नव्हता. फरीद दीदी हे अब्दुल मजीद दीदींचे पुत्र होते हे खरे, पण त्यांच्या वडिलांनी ज्या गादीवर पाऊलही ठेवले नाही तिचा वारसा तो काय असणार? त्यांना निवडण्यात आले. कोणी निवडले आणि कशासाठी, याचा विचार करायला हवा.

गलबत यांनी विचारले आहे की दुसरा राष्ट्राध्यक्ष का निवडला नाही. माझे उत्तर असे: कारण पुढचा राष्ट्राध्यक्षही अमीन दीदीच झाला असता. हे पद एका माणसाच्या मापाने शिवलेले होते. राज्याचा मान आणि राज्याचा कारभार या दोन्ही गोष्टी त्याने एकाच खुर्चीत आणून ठेवल्या होत्या. मालेतल्या घराण्यांना एकमेकांविषयी फारसा विश्वास नव्हता, आणि आपल्यापैकी कोणाही एकाला ती अखंड खुर्ची देणे म्हणजे बाकीच्यांनी स्वतःसाठी बेट शोधून ठेवणे. सुलतानपद परत आणले की त्या खुर्चीचे दोन तुकडे होतात. मान सुलतानाकडे, काम पंतप्रधानाकडे. सुलतान सौम्य प्रकृतीचा निवडला आणि पंतप्रधान मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, अडवता येईल असा ठेवला, की सगळ्यांना रात्री झोप लागते. इब्राहिम अली दीदी पंतप्रधान झाले आणि काही काळ ही रचना चाललीही. १९५४ मध्ये परत आला तो सुलतानाचा मुकुट. सुलतानाची सत्ता त्याआधीच, १९३२ नंतरच्या दोन दशकांत, निघून गेली होती आणि ती परत आणण्याचा कोणाचा विचारही नव्हता.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. मालदीव तेव्हा स्वतंत्र नव्हता. १८८७ च्या करारान्वये परराष्ट्रव्यवहार आणि संरक्षण ब्रिटिशांकडे आणि अंतर्गत कारभार सुलतानाकडे, अशी वाटणी होती. ब्रिटिशांना मालेत कोण कोणत्या नावाने बसतो यापेक्षा हिंदी महासागरातली आपली जागा शाबूत राहते की नाही यात रस होता. त्यामुळे दोन्ही बदल त्यांनी मुकाट्याने पाहिले.

परंतु खुर्चीचे दोन तुकडे केले तरी त्यांतला एक मोठा होत जाणार नाही, याची हमी कोण देणार? डिसेंबर १९५७ मध्ये इब्राहिम नासिर पंतप्रधान झाले. त्यांच्या आधीच्या सरकारने दक्षिण टोकाच्या अड्डू अटॉलमधील गान बेटावर ब्रिटिश हवाई दलाला तळ देण्याचे मान्य केले होते. ('अटॉल' म्हणजे प्रवाळबेटांचे कडे; हा शब्द जगाने दिवेही भाषेतूनच उचललेला आहे.) नासिर यांनी भाडे आणि मुदत यांचा प्रश्न नव्याने उपस्थित केला. इकडे दक्षिणेतल्या लोकांना तळावर रोजगार मिळत होता आणि सिलोनशी त्यांचा परंपरेने थेट व्यापार होता. मालेने त्या दोन्हींवर लगाम घालायला आणि कर वाढवायला सुरुवात केल्यावर जानेवारी १९५९ मध्ये अड्डूने बंड केले. दक्षिणेतलेच हुवादू अटॉल आणि फुवामुला बेट त्यात सामील झाले आणि त्यांनी मिळून 'सुवादीव' नावाचे वेगळे राज्य जाहीर केले.

आता गंमत पाहा. या बंडखोरांनी आपला वेगळा सुलतान निवडला नाही. त्यांनी प्रजासत्ताक घोषित केले आणि अब्दुल्ला अफीफ यांना राष्ट्राध्यक्ष नेमले. म्हणजे मालेत गादी परत येऊन पाच वर्षेही झाली नव्हती, तोवर त्याच देशाच्या दक्षिण टोकाला एक नवे प्रजासत्ताक उभे होते! लोक राजावर प्रेम करतात म्हणून राजा परत आला, या समजुतीला याहून मोठा छेद कोणता असू शकेल? नासिर स्वतः सशस्त्र होडी घेऊन हुवादूवर गेले, १९६२ मध्ये तिनादू हे गजबजलेले बेट पुरते ओस पाडण्यात आले, आणि १९६३ मध्ये सुवादीव संपले. ब्रिटिशांनी तोवर, १९६० मध्येच, तीस वर्षांचा करार करून तळाची सोय लावून घेतली होती आणि मग बंडखोरांच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. अफीफ यांना ब्रिटिश जहाजाने सेशेल्सला नेण्यात आले.

या प्रकरणातून जो माणूस बळकट होऊन बाहेर पडला तो सुलतान नव्हता. २६ जुलै १९६५ रोजी कोलंबोत स्वातंत्र्याच्या करारावर मालदीवतर्फे सही केली ती नासिर यांनी. फरीद दीदींचा 'सुलतान' हा किताब जाऊन 'राजा' हा आला, आणि किताब वाढत असताना उपयोग मात्र घटत गेला. ज्या कारणासाठी १९५४ मध्ये गादी आणली होती, म्हणजे कोणी एक जण डोईजड होऊ नये, ते कारणच उरले नव्हते, कारण एक जण डोईजड होऊन बसलेला होता. नोव्हेंबर १९६७ मध्ये मजलिसच्या ४४ सदस्यांपैकी ४० जणांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने मत दिले, मार्च १९६८ मध्ये सार्वमतातही तोच कौल प्रचंड बहुमताने मिळाला, आणि ११ नोव्हेंबरला नासिर राष्ट्राध्यक्ष झाले. प्रेम आटले का, असे गलबत विचारतात. त्या गादीवर प्रेम होते की नाही याची परीक्षा १९५४ मध्येही झाली नव्हती आणि १९६८ मध्येही झाली नाही.

ठाणेकर लंडनवासी

वारसाविषयीचा मुद्दा मान्य. तरीही एक शंका राहते. आपण सारे काही घराण्यांच्या डावपेचांवर नेऊन ठेवता, पण ऑगस्ट १९५३ मध्ये रस्त्यावर उतरलेला आणि डिसेंबरात एका आजारी माणसाला मारहाण करणारा जमाव कोणत्याही घराण्याने घडवलेला नव्हता. भूक खरी होती.

वाचनवेडी

भूक खरी होती, यात शंका नाही, आणि जीर्णपत्र यांनी ती नीट मांडली आहे. पण भुकेने राष्ट्राध्यक्ष पाडला; सुलतान भुकेने आणला नाही. त्या दोन घटनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ गेला आणि त्या काळात निर्णय घेणारे पोटभर जेवणारेच होते. मी घराण्यांचा उल्लेख करते तो दुसऱ्या घटनेपुरता.

जीर्णपत्र

वाचनवेडी यांच्या मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका ठिकाणी त्या मालेतल्या मंडळींना जरा जास्तच हिशेबी ठरवतात असे मला वाटते. सवयीचाही काही भाग असतो. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजाच्या वेळच्या प्रवचनात, ज्याचे नाव घ्यायचे, ज्याच्या डोक्यावर छत्र धरायचे, ज्याच्या नावाने फर्मान निघायचे, अशी एक जागा आठशे वर्षे मनात ठरलेली होती. तिथे राष्ट्राध्यक्ष बसवून पाहिला, तो वर्षभरात गेला. मग जुनी वस्तू जुन्या जागी ठेवणे हा त्यातल्या त्यात कमी त्रासाचा मार्ग होता. यात ठाणेकरांच्या म्हणण्याला थोडी जागा मिळते. मात्र ही सवय किती वरवरची होती हे पुढच्या चौदा वर्षांत दिसले, त्यामुळे मी तिला एखाद-दुसऱ्या वाक्यापलीकडे महत्त्व देणार नाही.

कोल्हापूरच्या तुलनेविषयी राहून गेले. विलीनीकरणानंतर तिथे सत्तेची जागा फार मोठ्या राज्यात आणि त्याहून मोठ्या संघराज्यात गेली. एखाद्या मुख्यमंत्र्यावर कितीही राग असला, तरी छत्रपतींना परत आणून मुंबईचे मंत्रालय हलणार नव्हते. मालदीवची सगळी लोकसंख्या तेव्हा लाखाच्या आत होती आणि मालेची वस्ती काही हजारांची. राजवाडा, मजलिस, मासळीची वखार आणि ज्यांच्या हाती देश होता त्यांची घरे चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. एवढ्या लहान जागी राज्यपद्धती बदलणे हे आपल्याला वाटते तितके अवाढव्य काम नसते.

गलबत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या प्रश्नातच चूक होती, हे आता लक्षात आले. मी दोन्ही वेळी जनता आणि राजा यांच्यातले नाते शोधत होतो.

एक गोष्ट मात्र चटका लावून गेली. अमीन दीदी ज्या विहामनाफुशी बेटावर वारले ते नाव वाचल्यासारखे वाटत होते म्हणून तपासले. मालदीवचे पहिले पर्यटक निवास, कुरुम्बा, १९७२ मध्ये उघडले ते याच बेटावर. विमानतळावरून बोटीने मालेला जाताना माझ्यासोबतच्या प्रवाशांपैकी एक कुटुंब तिकडेच निघाले होते. फरीद दीदींचे पुढे काय झाले? त्यांनाही एखादे बेट मिळाले का?

वाचनवेडी

नाही. त्यांना कोणी बेटावर पाठवले नाही, यावरूनही त्यांची कोणाला धास्ती नव्हती हे कळते. ते मालेतच राहिले आणि मे १९६९ मध्ये, म्हणजे गादी गेल्यावर सहा-सात महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. राजवाडा मात्र राहिला नाही. तो पाडण्यात आला आणि आवाराचा जो भाग उरला तो आज सुलतान पार्क म्हणून ओळखला जातो. आपण मालेत असताना तिथे गेला असालच, कारण राष्ट्रीय संग्रहालय तिथेच आहे. सुलतानांची आसने, पोशाख आणि छत्रे त्यात मांडलेली आहेत. जीर्णपत्र यांनी वर त्याच्या उद्घाटनाची जी तारीख दिली आहे ती पुन्हा पाहावी: ११ नोव्हेंबर १९५२. पहिले प्रजासत्ताक यायला तेव्हा सात आठवडे शिल्लक होते, आणि अमीन दीदींनी राजचिन्हे ठेवायची कपाटे आधीच तयार करून घेतली होती.

गलबत

गेलो होतो. सुट्टीमुळे बंद होते.